शीर, स्नायू आणि बंध : गुडघ्याच्या शस्त्रविरहित उपचारांचा एक शब्देतिहास

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी हे गाव आहे. महाराष्ट्रात देवगाव या नावाची गावे अनेक असल्यामुळे नुसत्या ‘देवगाव’ या शब्दाने कोणते गाव अभिप्रेत आहे याचा निश्चय होत नाही. ‘रंगारी’ हे व्यवसायवाचक पद पुढे जोडले म्हणजे तो होतो. त्याच तालुक्यातील चिंचोली लिंबाजी या नावाची घडणही अशाच प्रकारची आहे. गावांची नावे ठेवताना लोकव्यवहाराने जी दक्षता घेतली, ती शरीराच्या अंतर्भागांना नावे देताना घेतलेली दिसत नाही. गुडघा दुखावलेला मनुष्य या भागात आपली व्यथा नाना शब्दांनी सांगतो. गुडघा लचकला, मुरगळला, मोच आली, शिरेवर शीर चढली, वाटी सरकली, स्नायू ताणला, आणि अलीकडे लिगामेंट गेले, असे हे शब्द आहेत. वस्तुतः यांपैकी पुष्कळ प्रसंगी इजा एकाच प्रकारची असते. परंतु शब्द बदलला की रोगाविषयीची कल्पना बदलते आणि कल्पनेबरोबर उपचारही बदलतो. गुडघ्याच्या बंधांवरील शस्त्रविरहित उपचारांचा इतिहास या शब्दांच्या आधारे पाहिला असता काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. अवयव आणि त्याचे कार्य

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांची टोके गुडघ्यात एकमेकांवर टेकलेली असतात. त्यांचा आकार असा आहे की केवळ हाडांच्या बळावर हा सांधा स्थिर राहू शकत नाही. त्याला प्रामुख्याने चार तंतुमय बंध आवळून धरतात. एक आतील बाजूस, एक बाहेरील बाजूस, आणि दोन सांध्याच्या मध्यभागी फुलीसारखे एकमेकांवरून जाणारे. या मधल्या दोहोंपैकी पुढचा बंध नडगीस पुढे सरकू देत नाही व गुडघ्याचा पीळ आवरतो; मागचा बंध तीस मागे जाऊ देत नाही. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर एकाएकी वळले, उडीनंतर पाय वाकडा पडला किंवा बाहेरून गुडघ्यावर आघात झाला, म्हणजे यांपैकी एखादा बंध ताणतो, अंशतः विरतो अथवा पूर्ण तुटतो.

चारही बंधांची भरून येण्याची शक्ती सारखी नसते. आतील बाजूचा बंध भोवतालच्या रक्तपुरवठा असलेल्या ऊतींशी संलग्न असल्यामुळे बहुधा शस्त्रक्रियेवाचून सांधतो. मधल्या पुढच्या बंधाची स्थिती निराळी असते. तो सांध्यातील द्रवाच्या सान्निध्यात असल्याने त्याची तुटलेली टोके सहसा पूर्ववत जुळत नाहीत. तथापि तो तुटलेला प्रत्येक मनुष्य पंगू होतो असेही नाही, कारण गुडघ्याला आवरण्याचे काम बंधांबरोबर मांडीच्या मांसपेशीही करीत असतात. शस्त्रविरहित उपचारांची सर्व इमारत या एका गोष्टीवर उभी आहे.

२. सुश्रुताचा ‘स्नायु’

आजच्या मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी. ‘हृदयाचे स्नायू’, ‘पिळदार स्नायू’ या प्रयोगांत दुसरा अर्थ संभवत नाही. सुश्रुतसंहितेतील अर्थ मात्र वेगळा आहे. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात ३०० अस्थी, २१० संधी, ९०० स्नायू, ५०० पेशी आणि ७०० सिरा अशी गणना आहे. पेशी आणि स्नायू यांची मोजणी तेथे स्वतंत्र असल्यामुळे स्नायू म्हणजे मांसपेशी नव्हे, हे उघड होते. सुश्रुताच्या स्नायूत आजचे सांध्याचे बंध, मांसपेशीस हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या आणि पसरट तंतुपटल या सर्वांचा समावेश होतो. त्याचे कार्य सांगताना संहितेने नावेचा दृष्टान्त दिला आहे. फळ्या अनेक बंधनांनी आवळून बांधलेल्या असल्या म्हणजेच नाव पाण्यावर भार वाहू शकते. त्याचप्रमाणे सांधे स्नायूंनी बद्ध असल्यामुळे मनुष्य भार सहन करतो. हाडे, पेशी, सिरा व सांधे यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा अधिक घातक होय, असाही निर्वाळा तेथेच आढळतो. जानुमर्माच्या आघाताने लंगडेपण येते हे संहितेला ठाऊक होते.

चिकित्सास्थानातील भग्नविषयक अध्याय या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. निखळलेल्या व मोडलेल्या अंगास ओढणे, दाबणे, जुळविणे आणि बांधणे हा तेथील उपक्रम होय. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन इत्यादींच्या साली व वेळूच्या कांबी बांधण्यासाठी सांगितल्या आहेत. पट्टी सैल असेल तर सांध्यास स्थैर्य येत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पाक होतो, म्हणून ती मध्यम असावी, असा दंडक आहे. थंड ऋतूत सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी व उष्ण ऋतूत तीन दिवसांनी ती सोडून पुन्हा बांधावी. तारुण्यात एक महिना, मध्यम वयात दोन व उतारवयात तीन महिने सांधण्यास लागतात, असा हिशेब दिलेला आहे. या अवधीत व्यायाम वर्ज्य आहे.

परंतु याच अध्यायात तळहाताच्या इजेविषयी जो क्रम सांगितला आहे, त्याकडे भाष्यकारांचे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही. हात सांधल्यावर रोग्याने प्रथम मातीचा गोळा धरावा, नंतर सैंधवाचा खडा धरावा, आणि हातास बळ आल्यावर दगड धरावा. माती, मीठ आणि पाषाण हा चढता क्रम म्हणजे विश्रांतीनंतरच्या भारवृद्धीचा स्पष्ट विधी होय. गुडघ्याविषयी असा क्रम तेथे दिलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तत्त्व मात्र तेच आहे. आधी बांधणे, मग जपणे, आणि शेवटी भार देऊन बळ परत आणणे.

३. दोरी आणि बांधणी

‘स्नायु’ या शब्दाचे कूळ पाहिले असता अर्थान्तराचे कारण उमगते. संस्कृत स्नावन्, अवेस्तेतील स्नावर, ग्रीक न्यूरॉन आणि लॅटिन नर्वुस हे शब्द एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज असून त्या सर्वांचा प्राचीन अर्थ तात, चिवट दोरी असा होता. धनुष्याची प्रत्यंचाही याच शब्दाने दर्शविली जाई. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या शवविच्छेदकांनी संवेदना वाहणाऱ्या तंतूंना इतर दोऱ्यांपासून वेगळे ओळखले. त्यानंतर पश्चिमेत हा शब्द हळूहळू संवेदनातंतूस चिकटला. भारतीय भाषांत याच्या तीन वाटा झाल्या. बंगालीत स्नायू म्हणजे संवेदनातंतू आणि हिंदीतही ‘स्नायु-तंत्र’ म्हणजे मज्जासंस्था होय. मराठीत व गुजरातीत तो मांसपेशी झाला. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो जुन्या अर्थाने राहिला. अशा रीतीने एकच शब्द तीन भिन्न अवयवांचे नाव झाला, आणि देवगावास जशी ‘रंगारी’ या पदाची जोड मिळाली तशी जोड त्यास कोठेच मिळाली नाही.

‘शीर’ या शब्दाची कथाही अशीच आहे. संस्कृत ‘सिरा’ म्हणजे वाहिनी. मराठीच्या बोलींत मात्र शीर ही रक्ताची असते, संवेदनेची असते आणि सांध्याजवळच्या दोरीचीही असते. दोरी म्हटली म्हणजे ती चढते, उतरते, सरकते, आखडते. म्हणून ‘शीर चढली’ असे मानणारा रोगी ती उतरवून घेण्यासाठी तेल लावून चोळून घेतो. आंबेहळदीच्या लेपाने फारसा अपाय होत नाही. परंतु नुकत्याच फाटलेल्या बंधावर जोराने केलेले मर्दन, किंवा रक्ताने फुगलेल्या गुडघ्यास दिलेला झटका, यांनी इजा वाढते. येथे उपचार करणाऱ्याचा हेतू सदोष नसतो. दोष असतो तो शब्दाने उभ्या केलेल्या चित्रात.

अवयवाला दोरी न समजता बांधणी समजणारी नामपरंपराही तितकीच जुनी आहे. लॅटिनमध्ये लिगारे म्हणजे बांधणे, त्यावरून लिगामेंट. अरबीत रब्त म्हणजे बांधणे. त्यावरून यूनानी वैद्यकातील ‘रबात’. मराठीत रुळलेला ‘राबता’ हा संबंधवाचक शब्द त्याच धातूचा. संस्कृतात बन्ध. अवयव एक, भाषा तीन, आणि तिन्हींची दृष्टी एक : हा अवयव सांध्यास बांधून ठेवतो. सुश्रुताने शब्द दोरीचा वापरला; परंतु नावेचा दृष्टान्त देऊन अर्थ बांधणीचाच सांगितला.

४. निजामी राज्यातील परिभाषा

देवगाव रंगारीसारख्या गावाच्या संदर्भात ‘रबात’ हा शब्द दूरचा नव्हे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत औरंगाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादेत १८४६ मध्ये वैद्यकशाळा स्थापन झाली व तेथे उर्दूतून आधुनिक वैद्यक शिकविले जाऊ लागले. ती पुढे उस्मानिया विद्यापीठाशी जोडली गेली. विद्यापीठासाठी १९१७ मध्ये भाषांतरसंस्था निर्माण झाली. तिचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक हे होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे चिटणीसपद १९१२ मध्ये स्वीकारल्यावर त्यांनी तिचे कार्यालय औरंगाबादेस आणले आणि पुढे दोन तपांच्या सुमारास ते या शहरात राहिले. परिभाषानिर्मितीची तत्त्वे सांगणारा वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वज़्अ-ए-इस्तिलाहात’ हा ग्रंथ याच संस्थेने १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. वैद्यकासारख्या शास्त्राचे उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता.

या परिभाषेत रबात म्हणजे सांध्याचा बंध, वतर म्हणजे मांसपेशीची दोरी, अज़ला म्हणजे मांसपेशी आणि असब म्हणजे संवेदनातंतू. चार अवयवांना चार स्वतंत्र नावे मिळाली होती. शास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष होती. परंतु कन्नड तालुक्यातील मराठी शेतकऱ्याच्या बोलीत ती उतरली नाही. त्या राज्यव्यवहारातून बोलीत आले ते ‘मोच’, ‘मालिश’, ‘जखम’, ‘इलाज’ यांसारखे शब्द. अवयवांची नेमकी नावे आली नाहीत. याच सुमारास ब्रिटिश मुलखातही स्थिती फारशी निराळी नव्हती. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६० च्या दशकात मराठी व गुजराती वर्ग सुरू झाले होते, पण ते टिकले नाहीत आणि वैद्यक इंग्रजीतच राहिले. म्हणजे एकीकडे अरबी परिभाषा, दुसरीकडे इंग्रजी, तिसरीकडे वैद्यांची संस्कृत. आणि या तिहींच्या मध्ये रोगी आपली ‘शीर’ घेऊन उभा, असे या प्रदेशाचे चित्र होते.

५. तालीम आणि हाडवैद्य

वैद्यकाच्या ग्रंथांबाहेर गुडघ्याचे ज्ञान जपले ते तालमींनी. दखनी मुलखात हाडे बसविणाऱ्यास ‘पहलवान’ म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीत त्यास हाडवैद्य म्हणतात. कुस्तीगिराचे नाव उपचारकास मिळावे यात नवल नाही, कारण लचकणे आणि निखळणे यांचा नित्य अनुभव आखाड्यातच येतो. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रोफेसर माणिकराव हे व्यायामगुरू म्हणून जसे प्रसिद्ध होते, तसेच अस्थिसंधानासाठीही त्यांची ख्याती होती. या परंपरेचे बळ हाताच्या स्पर्शात होते. निखळलेला सांधा जागेवर बसविणे, पट्टी बांधणे व नंतर हळूहळू जोर-बैठकांकडे आणणे यांत ती निष्णात होती. तिची उणीव अशी की बंधाची इजा आणि हाडाची सरक यांतील भेद बोटांना नेहमी कळत नाही. आणि जे सरकलेलेच नाही ते बसविण्याचा यत्न अपायकारक ठरतो.

गुडघ्याच्या इजेचे मोल काय असते याचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले उदाहरण खाशाबा जाधव यांचे होय. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्याने कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. पुढे गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची कुस्तीतील वाटचाल थांबली. त्या काळात गुडघ्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रिया भारतात रुळलेल्या नव्हत्या, आणि इजेनंतर महिनोन्‌महिने शिस्तीने बळ परत आणण्याची व्यवस्था नुकती कोठे आकारास येत होती. देशातील सर्वोत्तम मल्लाची जर ही गत, तर नांगरणीत अथवा विहिरीच्या पायऱ्यांवर पाय मुरगळलेल्या शेतकऱ्याची काय असेल, याची कल्पना करता येते. त्याच्या बाबतीत पदक जात नाही, हंगाम जातो.

६. विश्रांती की हालचाल

पश्चिमेतही या विषयाने दोन टोके गाठली होती. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) हे वेल्श हाडवैद्यांच्या कुळातले. दुखावलेल्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, असा त्यांचा आग्रह होता, व त्यासाठी त्यांनी केलेली पायाची चौकट आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. याउलट फ्रान्सचे ल्यूका-शाम्पिओनिएर (१८४३–१९१३) हे सौम्य मर्दन व लवकर हालचाल यांचे पुरस्कर्ते होते. हा वाद मिटविण्यास दुसऱ्या महायुद्धाने साहाय्य केले. गुडघे दुखावलेले सैनिक दीर्घ विश्रांतीनंतरही दुबळेच राहतात, कारण त्यांच्या मांडीच्या पुढच्या मांसपेशी सुकलेल्या असतात, हे ध्यानी घेऊन अमेरिकन लष्करी डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांनी शिकागोच्या लष्करी रुग्णालयात क्रमाक्रमाने वजन वाढविण्याची पद्धत अवलंबिली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुश्रुताच्या मातीच्या गोळ्याशी तिचा ऐतिहासिक संबंध जोडण्यास आधार नाही. पण दोहोंतील विचार एकच आहे.

भारतात ही दृष्टी संस्थारूपाने आली ती मुंबईत. १९५० च्या दशकाच्या आरंभी के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे देशातील पहिले विद्यालय निघाले. हाजी अली येथील भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ मधली. १९५६ मध्ये औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले; त्याचे रुग्णालय जिल्ह्यात ‘घाटी’ या नावानेच ओळखले जाते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. एका पिढीच्या आत देवगावच्या रोग्यासमोरची वैद्यकाची भाषा उर्दूकडून इंग्रजीकडे गेली. त्याची स्वतःची भाषा या दोन्ही अवस्थांत उपचारगृहाच्या दाराबाहेरच राहिली.

आजचा शस्त्रविरहित उपचार पायऱ्यापायऱ्यांनी चालतो. आरंभी दाबपट्टी, पाय उंच ठेवणे, थंड शेक आणि आवश्यक तेवढाच आराम. आतील बंधासाठी बिजागरीचा पट्टा व कुबड्या. सूज उतरू लागताच गुडघा पूर्ण सरळ करण्याचा यत्न आणि मांडीची पुढची मांसपेशी आवळून धरण्याचा व्यायाम. त्यानंतर अर्धी बैठक, पायरी चढणे, मांडीच्या मागील बाजूस बळ देणे. शेवटी एका पायावर तोल सांभाळणे व दिशा बदलणे. तोलाच्या व्यायामाचे विशेष कारण असे की बंधांत स्थितीची जाणीव देणारे तंतूही असतात. बंध तुटला म्हणजे आधाराबरोबर ही जाणीवही उणावते आणि ती नव्याने शिकवावी लागते.

या उपचाराची कसोटी स्वीडनमध्ये झाली. मधला पुढचा बंध नुकताच तुटलेल्या १२१ तरुण, क्रियाशील व्यक्तींपैकी काहींवर लवकर शस्त्रक्रिया करण्यात आली. ५९ जणांना प्रथम केवळ व्यायामोपचार देऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रिया देण्याचे ठरले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय अंतर आढळले नाही. त्या ५९ पैकी २३ जणांवर दोन वर्षांत व ३० जणांवर पाच वर्षांत शस्त्रक्रिया झाली. उरलेल्यांना ती लागली नाही. यावरून शस्त्रक्रिया निरर्थक ठरते असे नव्हे. गुडघा अडकून बसणे, एकाहून अधिक बंध तुटणे, व्यायामानंतरही चालताना पाय वारंवार दगा देणे, अशा स्थितीत तिचा विचार करावाच लागतो. इजेनंतर काही तासांतच गुडघा फुगल्यास प्रथम तज्ज्ञाकडून निदान होणे अगत्याचे असते.

७. समारोप

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. उपचारांचा इतिहास हा दोरीच्या कल्पनेकडून बांधणीच्या कल्पनेकडे झालेला प्रवास आहे. दोरी तुटली तर ती शिवावी किंवा टाकून द्यावी. तिसरा मार्ग दिसत नाही. म्हणूनच ‘लिगामेंट फाटले’ हे ऐकताच आजचा रोगी शस्त्रक्रिया हा एकच उपाय समजतो, आणि ती परवडत नसल्यास आपला गुडघा कायमचा गेला असे मानून व्यायाम सोडतो. एकेकाळी ‘शीर चढली’ या शब्दाने जी हानी केली, तीच आता परकी संज्ञा निराळ्या रीतीने करीत आहे. बांधणीची कल्पना मात्र आशेला जागा ठेवते. नावेचे एक बंधन सैल झाले तरी इतर बंधने आवळून नाव तरती ठेवता येते.

महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर घडलेल्या मराठी परिभाषेत लिगामेंटसाठी ‘अस्थिबंध’ हा शब्द रुळू लागला, आणि तो सर्वथा योग्य आहे. वृत्तपत्रांतून ‘स्नायुबंध’, ‘स्नायू फाटला’ असे जे प्रयोग होतात, ते टाळले पाहिजेत. कारण मराठी वाचकाला त्यातून मांसपेशीचाच बोध होतो आणि मांसपेशीची दुखापत आठवड्या-दोन आठवड्यांत बरी होते या समजुतीने तो शेतात परततो. शब्दाने गुडघा बरा होत नाही, हे खरे. परंतु महिनोन्‌महिने चालणारा कंटाळवाणा व्यायाम रोगी ज्या एका कारणाने चालू ठेवील, ते कारण त्याला त्याच्या भाषेत समजणे आवश्यक असते. देवगाव रंगारीच्या माणसाला ‘बंध’ हा शब्द नवा नाही. गुरांचे, गाडीचे, घराच्या छपराचे बंध तो नित्य आवळीत आला आहे. बंध सैल झाला की काय करावे लागते, हे त्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. त्याच्या गुडघ्यातही तसाच बंध आहे, एवढेच त्याला सांगावयाचे राहिले आहे.